शाळेच्या ऑफिससाठी श्रेडर: घ्याच, पण पट्ट्या पाडणारा नको

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की ऑफिसात आधार, जातीचा दाखला, बँक पासबुक यांच्या झेरॉक्सचा ढीग साचतो. काम झालं की ढीग कपाटाखाली, दिवाळीत रद्दीवाल्याकडे आणि तिथून शेंगदाण्याच्या पुडीत. पुडीवर एखाद्या लेकराचं नाव, जात, पत्ता आणि बापाचा खाते क्रमांक. 2023चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा डिजिटल माहितीपुरता आहे, त्यामुळे हा कागद शाळेनंच सांभाळायचा.

काम झालेल्या झेरॉक्ससाठी श्रेडर, म्हणजे कागदाचे तुकडे करणारं मशीन, घ्या. पण स्वस्तातला श्रेडर नुसत्या उभ्या पट्ट्या पाडतो. सहा मिलिमीटरच्या पट्टीनं ए-फोर पानाचे 35 तुकडे होतात. अर्ध्या पानावरची आधारची झेरॉक्स आडवी गेली तर अख्खा नंबर एकाच पट्टीवर शाबूत उतरतो. असं मशीन घेऊच नका. डब्यावर पी-4 (तुकडे किती बारीक होतात याचा दर्जा) आणि 4 × 40 मिलिमीटर लिहिलेलं क्रॉस-कट, म्हणजे उभं-आडवं दोन्ही कापणारं, मशीन मागा. त्यात त्याच पानाचे 390च्या आसपास तुकडे होतात, ते जुळवणं सोपं नाही.

आठ पानांची क्षमता लिहिली असेल तरी पाच-सहाच घाला. पावसाळ्यात ओलसर झालेला कागद दात्यांत गुंडाळतो. अडकला की ओढू नका, रिव्हर्सचं बटण दाबा. छोटं मशीन दोन-तीन मिनिटं सलग चाललं की अर्धा तास थंड होऊ द्यावं लागतं. पत्र्याच्या खोलीत, मे महिन्याच्या उन्हात मोटर त्याहून लवकर बंद पडते. ती बिघडलेली नसते, तापलेली असते. लाईट गेली तर बोर्डावरचं बटण आधी बंद करा, नाहीतर लाईट येताच दाते आपोआप फिरायला लागतात. यू-क्लिप, टाचण्या काढूनच कागद घाला. लॅमिनेशन केलेली ओळखपत्रं दात्यांना चिकटतात, ती कात्रीनं कापलेली बरी. श्रेडरचं तेल एका कागदावर नागमोडी सोडून तो कागद आत घालायचा. स्प्रेचा डबा मात्र कधीही वापरू नका. आतला वायू ठिणगीनं पेट घेतो.

मशीन आलं म्हणून कपाट रिकामं करायला निघू नका. जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही) आणि सेवापुस्तक याच्या जवळपासही नेऊ नका. मराठवाड्यात 2023पासून कुणबी नोंदी शोधताना शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरंही उघडावी लागली, त्यातली काही मोडी आणि उर्दूतली. पान पिवळं पडलं म्हणून कुणी फाडलं असतं तर एखाद्या घराचा पुरावाच गेला असता. नष्ट करायच्या कागदांची यादी करून त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्या, मगच बटण दाबा.

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधार नंबरांसकट गेलेल्या यादीपुढे हे मशीन काहीच करू शकत नाही. तिथं नाव आणि हजेरी क्रमांक पुरतो. पालकांकडूनही, जिथं चालतं तिथं, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्या. फाडायचा ढीगच कमी होईल.

मशीन मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये ठेवू नका. झेरॉक्स मशीनशेजारी, क्लार्कच्या हाताशी ठेवा. बिघडलेली प्रत तिथल्या तिथं गेली पाहिजे.