एम.आर्क.चा शेवट कशाने करायचा: डिझाइन थीसिस की लेखी प्रबंध?

एम.आर्क.चे (आर्किटेक्चरच्या मास्टर्सचे) पहिले दोन सेमिस्टर रेटून नेता येतात. खरी गोची होते तिसऱ्या सेमिस्टरला, सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसच्या विषयाचा आराखडा, द्यायची वेळ आली की. काही कॉलेजांत निवडीचा प्रश्नच नसतो, स्पेशलायझेशन घेतलं तिथेच थीसिसचं स्वरूपही ठरून गेलेलं असतं. पण जिथे दोन्ही वाटा, म्हणजे एखाद्या साइटवर डिझाइन करून शीट्स मांडायच्या किंवा अभ्यास करून प्रबंध लिहायचा, मोकळ्या आहेत तिथे शिकणाऱ्या आपल्या गोव्यातल्या मुलांचे मला दरवर्षी पावसाच्या तोंडावर फोन येतात. म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

आधी एक भीती बाजूला ठेवा. लायसन्सचा आणि या निवडीचा काही संबंध नाही. 1972 च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टखाली काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी होते ती बी.आर्क.वर, म्हणजे पहिल्या पदवीवर. प्रबंध लिहिला म्हणून तुम्ही कमी आर्किटेक्ट ठरत नाही. बाहेरही डिग्रीचा शेवट एकाच साच्यातला नसतो. अमेरिकेतल्या एमआयटीत ‘मास्टर ऑफ सायन्स इन आर्किटेक्चर स्टडीज’ नावाची दोन वर्षांची डिग्री आहे. ती प्रॅक्टिसच्या परवान्यासाठी नाहीच, अभ्यासासाठी आहे आणि थीसिसशिवाय ती मिळत नाही. पोर्तुगालकडे डोळे लावून बसलेले आपल्याकडे कमी नाहीत. तिथला कायदा मास्टर्सच्या शेवटी प्रबंध, प्रकल्प किंवा इंटर्नशिपचा अहवाल, यांतलं काहीही चालवून घेतो. एकूण काय, लेखी म्हणजे दुय्यम हा समज आपल्या स्टुडिओतला आहे. परीक्षा नियमावलीत तो कुठे दिसत नाही.

आता डिझाइन थीसिस. तिची बाजू भक्कम आहे, हे कबूल. पणजीत किंवा मडगावात ऑफिसात नोकरी मागायला गेलात की समोरचा पोर्टफोलिओ उघडतो. प्रबंध उघडून वाचणारा अजून मला भेटलेला नाही. सहा-आठ चांगल्या शीट्स, एक सेक्शन ज्यात टेकडी, चिऱ्याची भिंत आणि पाण्याचा निचरा एका नजरेत कळतो, हे पंधरा मिनिटांच्या मुलाखतीत जे काम करतं ते दीडशे पानं करत नाहीत. शिवाय ज्याचा हात चालतो त्याला लिहायला बसवणं म्हणजे शिक्षाच. माझ्या बॅचमध्ये असे दोघे होते, त्यांनी डिझाइन घेतलं आणि बरंच केलं.

मग मी का नाही घेतलं? एका गोष्टीने मला पळवून लावलं: बेस ड्रॉइंग, म्हणजे डिझाइनआधी साइट मोजून काढायचा नकाशा.

बी.आर्क.ची थीसिस सगळ्यांनी केलेली असते, त्यामुळे हे दुःख नवीन नाही. पण गोव्यात त्याला एक खास धार आहे. प्री-थीसिस येते जुलै ते नोव्हेंबरच्या सेमिस्टरात, म्हणजे साइटवर जाऊन मापं घ्यायची ती नेमकी पावसात. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पडणाऱ्या पावसाचा मोठा वाटा त्याच महिन्यांत कोसळतो. माझी तेव्हाची साइट उतारावर होती. हातातल्या सर्व्हे प्लॅनवर हद्द होती, कंटूर (उतार दाखवणाऱ्या समान उंचीच्या रेषा) नव्हते. आणि आपल्याकडे उताराशिवाय पान हलत नाही. प्रादेशिक आराखडा 2021 प्रमाणे 25 टक्क्यांहून जास्त उताराच्या जमिनीवर बांधकाम वर्ज्य, आणि डोंगर कापायचा तर नगर नियोजन कायद्याचं कलम 17अ आडवं येतं. म्हणजे लेव्हल्स (जागोजागच्या उंचीची मापं) घ्याव्याच लागणार. गवत कमरेच्या वर, हद्दीचे दगड त्याखाली गडप. एकाने छत्री धरायची ती माणसावर नाही, लेव्हल यंत्राच्या भिंगावर. स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, धरलेला मित्र चिखलात सरकला की आकडा बदलतो, आणि कोणता आकडा खरा हे रात्री शीटवर ओढताना कळतं, किंवा कळत नाही.

एवढं करून ज्युरीत काय होतं? साइट अ‍ॅनालिसिसची शीट लागते, एक्स्टर्नल (बाहेरून आलेला परीक्षक) तिच्यावर नजर फिरवतो, ‘नेक्स्ट’ म्हणतो. पाठीचा काटा ढिला करून काढलेल्या कंटूरला वेगळे मार्क नाहीत. चुकला असेल तर मात्र प्लिंथपासून (जोत्यापासून) पार्किंगच्या रॅम्पपर्यंत सगळं चुकतं. याचा मला जो वैताग आला तो पाच वर्षं ऑफिसात काम करूनही उतरला नाही. एम.आर्क.ला पुन्हा तेच करायचं माझ्या जिवावर आलं.

लेखी प्रबंधातही मापं घ्यावी लागतातच, कोणी सुटत नाही. मी विषय घेतला फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या अग्रशाळा. सोळाव्या शतकात तिसवाडी-साष्टीतले देव नदी ओलांडून इकडे आले, देवळं नव्याने उभी राहिली, आणि लांबून येणाऱ्या कुळावींना (तो देव ज्यांचा कुलदेव त्या भाविकांना) उतरायला देवळाभोवती या ओवऱ्या-खोल्या हव्याच होत्या. देवळांवर बरंच लिहिलं गेलंय. अग्रशाळेकडे, माझ्या पाहण्यात तरी, फारसं कोणी वळलेलं नाही. त्यातून डोक्यावर नळ्यांचं (कौलांचं) छप्पर, बाहेर कितीही कोसळू दे.

तिथे एका लांब ओवरीची भिंत मोजत होतो. एका खणात भिंतीची जाडी अचानक वितभर कमी भरली. गिलावा जिथे सुटला होता तिथे वाकून बघितलं तर चिऱ्यांमधला चुन्याचा सांधा संपून सिमेंटचा सुरू होत होता. पुढचे खण नंतर वाढवलेले. तिथल्या एका वयस्क सेवेकऱ्यांना विचारलं तर म्हणाले, “तो भाग आमच्या बापायच्या वेळचो.” कधी वाढवलं, कोणासाठी, तेव्हा जत्रेला येणाऱ्यांत काय बदललं, यावर माझं एक अख्खं प्रकरण उभं राहिलं. टेप तोच, कष्ट साधारण तेवढेच. डिझाइन थीसिसमध्ये ते माप पायाखाली गाडलं जातं. प्रबंधात तेच माप निष्कर्ष होतं, त्यावर प्रश्न विचारले जातात आणि त्याचे मार्क मिळतात. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

लेखीचे जाच नाहीत असं नाही. मुलाखती कोकणीत नाहीतर मराठीत, लिहायचं इंग्रजीत, आणि त्या प्रवासात माणसाच्या बोलण्यातला रस गळतो. पुराभिलेखात शिरायचं तर पोर्तुगीज हवं, काही कागदांना मोडी. मोडी शिकायला आपल्याला जड जात नाही, पोर्तुगीजसाठी कोणाच्या तरी आजोबांना धरावं लागतं. मग साम्य तपासणी, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का ते बघणं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, 10 ते 40 मध्ये अडकलात तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला मजकूर यातून वगळायचा असतो, तेव्हा रिपोर्ट काढणाऱ्याने तो वगळलाय ना हे स्वतः बघा. आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक तरी एक्स्टर्नल विचारणारच, “पण यात डिझाइन कुठाय?” उत्तर तयार ठेवा, चिडू नका.

शिकवायचा विचार असेल तर एम.आर्क. लागतं, ते कुठल्याही वाटेने झालेलं चालतं. पीएच.डी. मनात असेल तर प्रबंधाची सवय उपयोगी पडते, हे उघड आहे. उलट दोन वर्षांत म्हापशाला स्वतःची पाटी लावायची असेल, साइट सपाट असेल, किंवा घरच्याच जागेचा कंटूर प्लॅन आधीच काढलेला असेल, तर डिझाइन घ्या, मी अडवणार नाही. तसा प्लॅन हातात असता तर कदाचित मीही घेतलं असतं. कदाचित.

लेखी घेणार असाल तर दोन गोष्टी करा. सिनॉप्सिस देण्याआधी विद्यापीठाचं ऑर्डिनन्स (नियमावली) वाचून विषय नंतर बदलता येतो का ते बघा, गाइडच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. आणि मोजणीची ड्रॉइंग्ज सुरुवातीपासून 1:50 च्या प्रमाणात नीट काढा, परिशिष्टात जातील तशी ढोबळ नकोत. पोर्टफोलिओ मागणाऱ्यासमोर तीच ठेवायची आहेत.