बुलेटची किक सरकली आणि 18,750 रुपये गेले

रक्कम आधीच लिहितो, कारण तीच सांगायची सर्वांत जास्त लाज वाटते. 18,750 रुपये. आगाऊ 8,000, "इंजिन खोललं, क्रँक गेलाय" म्हणून 6,500 (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा), गाडी सोडवताना 4,250. सगळे मोबाइलवरून, पावती एकाचीही नाही. गाडी जुनी कास्ट आयर्न बुलेट 350, चार गिअरची, किक आणि गिअर दोन्ही उजवीकडे. तक्रार एवढीच की किक दाबली की मध्येच रिकामी खाली जायची.

काम छोटं, निदान मोठं, गाडी ताब्यात आणि मग दर दोन दिवसांनी फोन. फसवण्याची ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. मलाही होती.

दोनदा किक दाबून मेस्त्री म्हणाला, "रॅचेट गेलं. इंजिन उतरवावं लागेल, बोअरही करून घ्या." बोअर म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणं. या बुलेटचं किकचं रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने धरणारी दातेरी पकड, इंजिनात नसतंच! ते मागच्या गिअरबॉक्समध्ये असतं. किकच्या शाफ्टवर पॉल, म्हणजे दात्यांत अडकणारा छोटा खटका, त्याखाली त्याला ढकलणारी खुंटी (प्लंजर) आणि बारीक स्प्रिंग. पॉल लेशाफ्टवरच्या (गिअरबॉक्समधला दुय्यम दांडा) पहिल्या गिअरच्या आतल्या दात्यांत अडकतो आणि जोर मेनशाफ्ट (तिथलाच मुख्य दांडा), क्लच, क्लच आणि इंजिन जोडणारी प्रायमरी चेन अशा वाटेने क्रँकपर्यंत जातो. गिअरबॉक्सची उजवीकडची कव्हरं काढली की तिथे पोचता येतं, क्रँककेसला पाना लावावा लागत नाही. पण बऱ्याच गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असतात, तिथे किकच्या शाफ्टसाठी इंजिन फोडावं लागतं. त्यामुळे त्याचं बोलणं खरं वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

पुढचं मात्र डोळ्यांसमोर घडलं. गाडी नेताना त्याने ती धक्का मारून दुसऱ्या गिअरवर चालू केली. पहिल्याच झटक्यात. मागे पोरगा बसवून तो समोरचा चढ आरामात चढून गेला. सिलिंडर आणि क्रँक गेलेलं इंजिन दोन माणसं घेऊन असा चढ चढत नाही. चढावर आवाज वाढून वेग पडला नाही, म्हणजे क्लचही सरकत नव्हता. उरली फक्त किकची यंत्रणा. दोष कुठे आहे ते त्या एका मिनिटात समोर दिसत होतं आणि मी गेटपाशी हात जोडून उभा होतो.

तुमची किक सरकत असेल तर गाडी कुणाला देण्याआधी एवढं बघा. किकचा दांडा आणि शाफ्टचं टोक यांवर खडूची एक सरळ रेघ मारा. किक दाबल्यावर रेघ तुटली तर दांडाच शाफ्टवर फिरतोय. रेघ जुळलेली राहिली तर डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढा, खाली तेलासाठी ट्रे ठेवा, प्रायमरी कव्हरचा (डावीकडचं चेन-क्लचचं झाकण) मधला एकच मोठा नट सोडा. गाडी न्यूट्रलला ठेवून किक दाबा. क्लचचा मधला हब फिरतो आणि चेन बसते तो बाहेरचा ड्रम जागेवर राहतो, तर क्लच सरकतोय. आधी केबल बघा, लिव्हरला 2-3 मिलिमीटर ढिलाई हवी. प्लेटांचा विचार त्यानंतर. हबही फिरत नसेल तर पॉल, त्याची स्प्रिंग किंवा आतले दाते. दांडा वर येत नसेल तर परतीची स्प्रिंग तुटली आहे, तिचा सरकण्याशी संबंध नाही.

गाडी परत आल्यावर किक अकरा दिवस टिकली. दुसऱ्या मेस्त्रीने उघडलं तर तोच जुना पॉल, कडेला ग्राइंडर मारून टोकदार केलेला. पॉलचा कडकपणा वरच्या थरात असतो. तो घासून काढला की खालचं मऊ लोखंड लगेच झिजतं. इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उचललं तर पिस्टन स्टँडर्ड. पहिला मेस्त्री "40 ओव्हरसाइज", म्हणजे बोअर केल्यावर बसवायचा मोठ्या मापाचा पिस्टन, टाकला म्हणाला होता. ओव्हरसाइज पिस्टनच्या डोक्यावर आकडा ठोकलेला असतो, इथे फक्त जुना कार्बन. जुना पिस्टन मागितला तेव्हा "भंगारात दिला" असं उत्तर मिळालं होतं. खरं काम 1,700 रुपयांत झालं: पॉल-प्लंजर-स्प्रिंग 320, गॅस्केट 80, ग्रीस-तेल 400, मजुरी 900.

पोलीस चौकीत तीन चकरा. पहिल्यांदा "साहेब नाहीत", दुसऱ्यांदा "ही दिवाणी बाब आहे", तिसऱ्यांदा "पावती नसताना तुम्ही पैसे दिलेच कसे?" गुन्हा जणू मीच केला! घासलेला पॉल टेबलावर ठेवला, कुणी हातातही घेतला नाही. अर्जाची पोच मागितली तर शिक्का दुसऱ्या खोलीत, ती खोली बंद. पैसे गेल्याची नोंद मोबाइलमध्ये तारखेसकट आहे, ती बघायलाही कुणाला वेळ नव्हता.

बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. माझा अर्ज तिथे गेला आहे.

गाडी देताना हेड आणि क्रँककेसच्या नटांवर नेलपॉलिशचा ठिपका लावा, फोटो काढा. काढलेला प्रत्येक भाग परत मागा. आणि किक उलटी मारत असेल तर आधी ठिणगीचं टायमिंग तपासा, पॉइंटची (ठिणगी पाडणारा उघडझाप करणारा स्विच) गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवा, ऑटो ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी, वजनं मोकळी हलतात का बघा. माझ्या गाडीत ती अडकलेली होती. पॉलची कड त्या उलट्या झटक्यांनीच गेली होती, आणि 18,750 रुपये घेणाऱ्याने पॉइंटचं झाकण उघडलंही नव्हतं.