येझदी रोडकिंगचे पार्ट : लोखंड जुनं घ्या, रबर नवं

येझदी रोडकिंग ही टू स्ट्रोक मोटारसायकल बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ला बंद पडला. तेव्हापासून रोडकिंगला 'कंपनीचा' म्हणून जो पार्ट मिळतो तो एकतर जुना पडून राहिलेला असतो, नाहीतर कुणीतरी नक्कल केलेला. २०२२ला येझदी नाव परत आलं खरं, पण ती गाडी फोर स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारी. तिच्या इंजिनातलं आपल्याला काहीच लागत नाही.

गेल्या पावसाळ्याआधी माझ्या गाडीचं इंजिन पूर्ण खोललं होतं. गाडी रोज कामावर नेतो, त्यामुळे कुठला पार्ट टिकला आणि कुठला नाही हे आता सांगता येईल.

सगळ्यात जास्त डोकं किकनं खाल्लं. रोडकिंगला किक आणि गियरचा दांडा एकच. किक मारली की दांडा आत दाबून पुढे फिरवायचा, झाला गियर. म्हणजे त्या शाफ्टला दुप्पट काम. पुण्यात नाना पेठेतून नवा किक क्वाड्रंट (किक मारल्यावर इंजिन फिरवणारा दातेरी तुकडा) आणला, चकचकीत, पाकिटातला. दिवाळीपर्यंत त्याचे दात गोल झाले आणि किक घसरायला लागली. कोल्हापुरात उद्यमनगरच्या लेथवाल्यानं त्यावर कानस फिरवली, तर लगेच भुसा निघाला. मग त्याच्याकडच्या भंगारातल्या मूळ क्वाड्रंटवर तीच कानस फिरवून दाखवली. ती नुसती सरकली, ओरखडासुद्धा नाही. "नव्याला पाणीच दिलेलं नाही भावा, म्हणजे तापवून कडक केलेलाच नाही. जुनाच शोध, फक्त दात बघून घे." पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी, तसा एक सापडला, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. तो अजून ठणठणीत आहे. आता मी खिशात छोटी कानस घेऊनच फिरतो. दुकानदार तोंड वाकडं करतात, करू देत.

रबराचं बरोबर उलटं. 'ओरिजिनल म्हैसूर पॅकिंग' म्हणून ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) चढ्या भावानं विकतात. तीस वर्षं पाकिटात पडलेलं रबर कडक होणारच. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, डावीकडचं सील गेलं की गियरबॉक्सचं तेल इंजिन ओढतं, मागे पांढऱ्या धुराचे लोट, आणि आपण उगाच पेट्रोलमधल्या २टी (टू स्ट्रोक) ऑइलचं प्रमाण कमी करत बसतो. सीलवर मापं लिहिलेली असतात : आतला व्यास, बाहेरचा, जाडी. ती घेऊन सरळ बेअरिंगच्या दुकानात जा, ताजा माल मिळतो. मी तेच केलं, धूर नाही, तेलाची पातळीही जागेवर. कंडेन्सरही (ठिणगीच्या सर्किटमधला छोटा पार्ट) जुन्या स्टॉकचा घेऊ नका.

बेअरिंगचं टेन्शन नाही, नंबर चालतो. ६३०५ म्हणजे २५ बाय ६२ बाय १७ मिमी, कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी. फक्त क्रँकसाठी सी-३ (आत थोडी जास्त ढील असलेलं) मागून घ्या, साधं घेतलं तर गरम झाल्यावर घट्ट होतं.

पिस्टन आधी विकत घ्या, मग त्याच्या मापानं ब्लॉक बोअर करा. नकली पिस्टन छापलेल्या मापाचे असतातच असं नाही. क्लचच्या कॉर्क प्लेटा नव्या चालतात, रात्रभर तेलात भिजवून बसवल्या. माझ्या अजून घसरलेल्या नाहीत. चेन, टायर, केबल कुठेही मिळतात. ६ व्होल्टचे बल्ब दिसले की दोन-चार उचलून ठेवावेत.

आणि एक. क्रँककेस (इंजिनाचं खालचं ॲल्युमिनियमचं कवच) फुटली म्हणून दुसरी घ्यायची वेळ आली तर घाई नको. इंजिन नंबर केसवरच असतो, तो आरसीशी जुळला नाही तर दर पाच वर्षांच्या रिपासिंगला आरटीओत गाडी अडकते. माझ्या केसला तडा होता, ती ॲल्युमिनियम वेल्डिंग करून तीच ठेवली. वेल्डिंग दिसायला ओबडधोबड आहे, पण तेल गळत नाही.