प्लगमध्ये लावायचा वीजमापक: एका हिवाळ्याच्या वापरानंतरचे मत

संध्याकाळी बादलीभर पाणी तापायला सकाळपेक्षा जास्त वेळ का लागतो, या घरगुती प्रश्नापायी मी गेल्या डिसेंबरात हा वीजमापक घेतला. भिंतीवरच्या पॉवर पॉइंटमध्ये तो बसवायचा आणि उपकरणाची पिन त्याच्यात खोचायची. मग बटण दाबत गेले की व्होल्टेज, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर (व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकाराचा किती हिस्सा खरी शक्ती ठरतो ते सांगणारा आकडा) आणि युनिट असे आकडे एकामागून एक दिसतात. रोध, म्हणजे विद्युतधारेला होणारा अडथळा, मात्र तो दाखवत नाही. तो आपणच व्होल्टेजला अँपिअरने भागून काढायचा, आणि माझ्या मते या यंत्राची खरी गंमत त्या भागाकारातच आहे.

पाणी तापवायच्या माझ्या रॉडवर 230 व्होल्ट, 1500 वॅट असे छापलेले आहे. संध्याकाळी साडेसातला मापकावर 207 व्होल्ट आणि 5.87 अँपिअर दिसले, म्हणजे रोध सुमारे 35.3 ओहम आणि दोन्ही आकड्यांचा गुणाकार केल्यावर शक्ती 1215 वॅट. दुसऱ्या दिवशी पहाटे 236 व्होल्टला 6.69 अँपिअर आले. शक्ती 1579 वॅटवर गेली, पण भागाकार पुन्हा 35.3 च. ओहमने 1827 साली मांडलेला आणि आपण दहावीत घोकलेला नियम (व्होल्टेज बदलले की विद्युतधाराही त्याच प्रमाणात बदलते) न्हाणीघराच्या दारात असा रोकडा पाहायला मिळाला. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले की विद्युतधाराही तेवढीच उतरते, त्यामुळे शक्ती दहा नव्हे तर एकोणीस टक्क्यांनी घटते. वीस अंशांचे अठरा लिटर पाणी पन्नास अंशांवर न्यायला, उष्णता वाया जात नाही असे धरले तर, 1500 वॅटला पंचवीस मिनिटे लागतात आणि 1215 वॅटला एकतीस. युनिट मात्र दोन्ही वेळा जवळपास तेवढेच पडते. पहाटेचा 6.69 हा आकडा पाहिल्यापासून मी हा रॉड 6 अँपिअरच्या लहान प्लगमध्ये लावणे बंद केले, हा आणखी एक फायदा.

हाच हिशेब सगळीकडे लावता येत नाही, हेही या मापकानेच दाखवले. नऊ वॅटच्या एलईडी दिव्याने 230 व्होल्टला 0.07 अँपिअर घेतले. गुणाकार सोळा येतो, पण पडद्यावर वॅट नऊच, कारण पॉवर फॅक्टर 0.56 होता. अशा दिव्याचा रोध भागाकाराने काढण्यात अर्थ नाही. देवघरातला जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब तर आणखी मजेशीर निघाला: पेटलेला असताना 230 व्होल्टला 0.43 अँपिअर, म्हणजे सुमारे 535 ओहम, आणि काढून, गार करून मल्टिमीटरने मोजला तर जेमतेम 38 ओहम, कारण टंगस्टनची तार तापली की तिचा रोध कितीतरी पटींनी वाढतो.

तक्रारी दोन आहेत. मोबाइलचा चार्जर नुसता लावून ठेवला तर मापक ठार शून्य दाखवतो, त्यामुळे अशा बारीकसारीक खपासाठी तो घेऊ नये. दुसरे म्हणजे पडद्यामागे दिवा नाही; आमचा पॉवर पॉइंट गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे, आणि पहाटेचे सगळे आकडे मी ओणवे होऊन, बॅटरीच्या उजेडात टिपले आहेत.