डिस्कोर्स रिव्ह्यू: स्पॅम अडवायचा, नवीन माणूस नाही

डिस्कोर्स म्हणजे ऑनलाइन चर्चेचा फोरम चालवायचं सॉफ्टवेअर. त्याच्याबद्दल बरंच लिहिलं जातं, पण बहुतेक सगळं ते दिसतं कसं, थीम कुठली टाकायची, सर्व्हर कुठला घ्यायचा याच्यावर. मला फक्त एकाच गोष्टीवर बोलायचंय, नवीन मेंबर आत आला की हे सॉफ्टवेअर त्याच्याशी कसं वागतं. मॉडरेटर म्हणून माझा निम्मा जीव त्यातच अडकलेला असतो आणि माझ्या मते कम्युनिटी टिकणार की ओस पडणार हे तिथेच ठरतं.

आधी आम्ही ज्या सॉफ्टवेअरवर होतो (नाव घेत नाही) तिथे दोनच पर्याय. एकतर दार सताड उघडं, म्हणजे सकाळी उठावं तर औषधांच्या आणि लोनच्या जाहिरातींचा ढीग पडलेला. नाहीतर प्रत्येक नवीन माणसाची प्रत्येक पोस्ट आधी मॉडरेटरने पास करायची. हे दुसरं जास्त वाईट, कारण कोणीतरी रात्री अडचणीत असताना प्रश्न विचारतो, तो रात्रभर रांगेत पडून राहतो, सकाळी आपण पास करेपर्यंत त्याने उत्तर दुसरीकडे शोधलेलं असतं आणि तो परत कधीच येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. स्पॅमरचं काय, तो लगेच दुसरं अकाउंट उघडतो.

डिस्कोर्समध्ये ट्रस्ट लेव्हल असतात, म्हणजे मेंबरवर किती विश्वास टाकायचा याच्या पायऱ्या, ० ते ४. नवीन माणूस ० वर. त्याला पोस्ट करता येते, पण थोडं हात राखून: एका पोस्टमध्ये जास्तीत जास्त दोन लिंक, पहिल्या दिवशी तीन नवीन विषय आणि दहा उत्तरं, आणि कोणाला खाजगी मेसेज पाठवता येत नाही. हे आकडे डीफॉल्ट आहेत, बदलता येतात. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ० वरून १ वर जायला काय लागतं ते. किती पोस्ट केल्या, किती लाईक मिळाले, काही नाही. पाच विषय उघडा, तीस पोस्ट वाचा, एकूण दहा मिनिटं वाचनात घालवा, झालं. वाचणाऱ्या माणसाला आपण वर चढलो हे कळतसुद्धा नाही कारण तो वाचायलाच आलेला असतो, आणि स्पॅमर बघा, तो कधीच वाचत नाही, येतो, टाकतो, जातो. म्हणजे ज्या गोष्टीत खऱ्या माणसाला काही कष्ट नाहीत तीच गोष्ट स्पॅमरला नकोशी. इतकं साधं आहे पण हा विचार करून आख्खी सिस्टिम उभी करणं याला मानलं पाहिजे.

आता एक प्रकार जरा जवळून सांगते, कारण नवीन मॉडरेटर लोकांना हा हमखास चकवतो. नवीन अकाउंट, एखाद्या चालू विषयात "छान माहिती दिलीत, धन्यवाद" एवढंच उत्तर. लिंक नाही, काही नाही. कोण फ्लॅग करणार, म्हणजे ही पोस्ट चुकीची आहे अशी खूण कोण करणार? मग काही आठवड्यांनी, विषय थंड झाल्यावर, तोच माणूस गुपचूप येऊन जुनी पोस्ट एडिट करतो आणि "धन्यवाद" या शब्दाखाली लिंक लपवतो. विषय वर येत नाही, कोणाला नोटिफिकेशन जात नाही, मॉडरेटरला पत्ता नाही, पण सर्च इंजिनला ती लिंक दिसते. डिस्कोर्समध्ये ० आणि १ लेव्हलच्या मेंबरला स्वतःची पोस्ट डीफॉल्टने २४ तासच एडिट करता येते, लेव्हल २ पासून ३० दिवस. आणि लेव्हल ३ च्या खालच्या सगळ्यांच्या लिंकला नोफॉलो लागतं (ही लिंक रँकिंगसाठी धरू नका अशी सर्च इंजिनला दिलेली खूण), म्हणजे सर्च रँकिंगसाठी लिंक टाकणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. आयत्या बिळावर नागोबा व्हायला आलेल्याला बीळच बंद.

दुसरी चलाखी टायपिंगची. नवीन मेंबरने पहिली पोस्ट तीन सेकंदांच्या आत "टाइप" केली, तर ती थेट रिव्ह्यू क्यूमध्ये, म्हणजे मॉडरेटरने तपासायच्या रांगेत जाते आणि ते अकाउंट सायलेन्स होतं, म्हणजे त्याला पोस्ट करता येत नाही. बॉट यात मस्त सापडतात. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, आधी नोट्समध्ये नीट लिहून इथे पेस्ट करणारी शिस्तीची माणसंही यात अडकू शकतात. म्हणून क्यू रोज बघायला कोणीतरी हवंच, आणि पास केल्यावर त्या माणसाला दोन ओळींचा मेसेज टाका की बाबा तुझं काही चुकलं नव्हतं. या दोन ओळी फार कामाच्या आहेत, खरंच.

फ्लॅगचं काम जुन्या मेंबरांवर सोडलंय हे पण बरं केलंय. लेव्हल ० ला फ्लॅग करताच येत नाही, आणि लेव्हल ३ च्या माणसाने नवख्याच्या पोस्टला स्पॅम म्हटलं की ती त्याच क्षणी लपते, आपण झोपलेले असलो तरी. मात्र लेव्हल ३ पर्यंत पोचलेली माणसं असायला हवीत, नवीन कम्युनिटीत सुरुवातीला ती नसतातच, तेव्हा पहिले काही महिने सगळा भार दोन-तीन मॉडरेटरांवरच येतो हे धरून चाला.

वॉच्ड वर्ड्स नावाचं एक हत्यार आहे, त्यात शब्द घातला की पोस्ट ब्लॉक होते, किंवा मंजुरीसाठी थांबते, किंवा शब्द झाकला जातो. इथे उत्साहाच्या भरात लोक "लोन", "फ्री", "ऑफर" असले रोजचे शब्द ब्लॉकला टाकतात आणि मग साधी माणसं वैतागतात. मी फक्त स्पॅम साइटची नावं टाकते, तेही मंजुरीच्या यादीत.

आता कमी कुठे पडतं ते. पैसे घेऊन बसलेला जिवंत माणूस दहा मिनिटं स्क्रोल करून लेव्हल १ सहज गाठू शकतो. आणि हल्ली एआयने लिहिलेली उत्तरं येतात, शुद्ध, नम्र, विषयाला धरून, आणि तरी आत काहीच नसतं. ती टायपिंगच्या वेळेने पकडली जातीलच असं नाही आणि शब्दांच्या यादीने तर नाहीच. यावर मला उपयोगी पडलेला उपाय म्हणजे साधा उलट प्रश्न. "तुम्ही कुठलं व्हर्जन वापरताय? एरर काय आली?" खरा माणूस खूश होऊन तपशील देतो, बनावट अकाउंट परत फिरकत नाही. स्पॅम ओळखणाऱ्या अकिस्मेट सेवेचं प्लगइन जोडता येतं, जोडा, पण ते लावलं म्हणजे काम संपलं असं नाही.

अ‍ॅडमिनच्या सेटिंग्ज मात्र डोकं फिरेल इतक्या आहेत. नवीन असाल तर सुरुवातीला आकड्यांना हात लावू नका, डीफॉल्ट बरेच विचार करून ठेवलेत. स्पॅमची एक लाट आली की हात शिवशिवतात, लिंक शून्यावर आणावी, सगळ्या पोस्ट मंजुरीला लावाव्यात असं वाटतं. लावा, पण लाट ओसरली की आठवणीने काढा, ते राहून जातं आणि मग नवीन माणसं का येत नाहीत म्हणून आपण बसतो विचार करत.

अजून एक छोटीशी गोष्ट, नवीन मेंबरच्या पहिल्या पोस्टवर एक पट्टी येते की यांची ही पहिलीच पोस्ट आहे, स्वागत करा. आमच्याकडे ती दिसली की जुनी मंडळी जरा मऊ बोलतात, "आधी सर्च करा ना" असं तोडून टाकत नाहीत.

५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो टायपिंगच्या चाळणीत अडकलेल्या माणसासाठी, त्याला सायलेन्स करण्याऐवजी नुसती पोस्ट थांबवली असती तरी चाललं असतं.