बोब्लाँ: लिमोजचं बास्केटबॉल मैदान

फ्रान्समध्ये बास्केटबॉलचा एकच सामना बघायचा असेल, तर तो लिमोजच्या बोब्लाँमध्येच बघावा. लिमोज सीएसपी हा इथला क्लब, १९२९ साली स्थापन झालेला. १९९३ मध्ये अथेन्समध्ये इटलीच्या बेनेटन ट्रेव्हिझो संघाला ५९-५५ असं हरवून त्यांनी युरोपचं अजिंक्यपद मिळवलं. शेवटच्या क्षणी लिमोजच्या फोर्तनं ट्रेव्हिझोच्या कुकोचच्या हातून चेंडू काढून घेतला होता. प्रशिक्षक माल्कोविचच्या त्या संथ, चिवट बचावावर पुष्कळ टीका झाली, पण जिंकवलं त्यानंच. २००० मध्ये तीन करंडक मिळूनही कर्जापायी क्लब खालच्या श्रेणीत ढकलला गेला. प्रेक्षक मात्र टिकले. क्लबच्या हिरव्या रंगाचे कपडे घालून जा, अर्धा तास आधी पोहोचा. खेळ ४० मिनिटांचा असला, तरी घड्याळ थांबत असल्यानं दोन तास धराच.