परवान्याचं पिस्तूल: प्रवासात सोबत न्यावं की जमा करून जावं?

सोलापुरातून मुंबईला लग्नाला निघालात आणि घरात परवान्याचं पिस्तूल आहे. ते सोबत न्यायचं, की पोलीस ठाण्यात किंवा तशी परवानगी असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं?

सोबत नेलं तर हत्यार आपल्याजवळ राहतं, एवढाच काय तो फायदा. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रीची. बर्थखाली बॅग सरकवली की डोळा लागतोच. चोर बॅग उचलतो, पिस्तूल त्याला आयतं मिळतं. गाडीची डिकी तर त्याहून वाईट. शिवाय परवाना महाराष्ट्रापुरताच असेल तर विजापूर रस्त्यावर भीमेचा पूल ओलांडून कर्नाटकात शिरल्यावर तो चालत नाही. न्यावंच लागलं तर रिकामं करून कुलूपबंद पेटीत ठेवा, काडतुसं वेगळी.

जमा करायला हेलपाटे पडतात, हे खरं. निवडणुकीत ज्यांनी हत्यारं जमा केली त्यांना ते ठाऊक आहे. तरीही मी जमाच करायला सांगेन. पावतीवरचा क्रमांक मात्र हत्यारावरच्या क्रमांकाशी तिथेच उभं राहून ताडून घ्या.

चोरी झालीच तर सोलापूरला परतायची वाट बघू नका. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. धावत्या रेल्वेत टीसीकडे तक्रारीचा फॉर्म मागा. परवान्याचा आणि हत्याराच्या क्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये हवा. मग परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या.